कारण न सांगता



ज्यूरी म्हटलं की आपल्याकडच्या सभागृहात दोन पिढ्यांच्या दोन आठवणी जाग्या होतात. वडीलधाऱ्यांना कमांडर नानावटी आठवतात. १९५९ सालचा मुंबईचा खुनाचा खटला, आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हणणारी ज्यूरी आणि त्या काळात हातोहात खपणारं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक. तरुणांना त्यावरचा सिनेमा आठवतो. एक समज मात्र दोघांचाही सारखाच असतो: त्या ज्यूरीने घोळ घातला म्हणून देशातली ज्यूरीपद्धत गेली. पण तो खरा नाही: विधी आयोगाने ज्यूरी रद्द करावी अशी शिफारस १९५८ सालीच केली होती, आणि नानावटींनी गोळ्या झाडल्या १९५९ च्या एप्रिलमध्ये. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. असो. नानावटींचा निरोप इथेच घेतो. ज्यूरीने काय निकाल दिला याची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. ज्यूरीत कोण बसलं, कोणाला बसू दिलं नाही आणि न बसू देण्याची युक्ती काय होती, यावर मला आज बोलायचं आहे. त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल. वाटेत एकदा मुंबईच्या हायकोर्टातही थांबू.

मिसिसिपी राज्यात विनोना नावाचं लहान गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास, त्यात निम्म्याहून थोडे अधिक लोक काळे. १९९६ च्या जुलैमध्ये तिथल्या एका फर्निचरच्या दुकानात चौघांना गोळ्या घालून मारण्यात आलं. आरोपी ठरला कर्टिस फ्लॉवर्स, त्या दुकानात थोडे दिवस काम केलेला काळा तरुण. एकाच गुन्ह्यासाठी त्याच्यावर सहा वेळा खटला चालला. सहाही वेळा सरकारी वकील एकच, डग इव्हान्स. पहिल्या तीन शिक्षा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार पक्षाच्या गैरवर्तनामुळे रद्द केल्या. त्यातली तिसरी तर ज्यूरी निवडताना वर्णभेद केला म्हणूनच. चौथ्या आणि पाचव्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. सहाव्या वेळी, २०१० साली, अकरा गोरे आणि एक काळा अशा ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि त्याला पुन्हा मृत्युदंडाची शिक्षा झाली.

हे प्रकरण २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी साधी मोजदाद केली. सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलांना आपल्या अधिकारात नाकारता आले असते असे काळे उमेदवार होते ४२. त्यांपैकी ४१ नाकारले गेले. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच काळ्या उमेदवारांना सरकार पक्षाने मिळून १४५ प्रश्न विचारले होते. निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून विचारलेले प्रश्न होते १२. गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात. पण नाकारल्या गेलेल्या एका काळ्या बाईंना साक्षीदार कुठे भेटले, किती वेळा बोलणं झालं, हे खोदून खोदून विचारलं गेलं आणि त्याच ओळखीपाळखी असलेल्या गोऱ्या माणसांना कोणी हटकलं नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केली. फ्लॉवर्स त्या वर्षाच्या डिसेंबरात जामिनावर सुटला आणि २०२० च्या सप्टेंबरात खटलाच मागे घेतला गेला. तोवर त्याची जवळजवळ तेवीस वर्षं तुरुंगात गेली होती.

हे कशाच्या बळावर करता आलं ते समजण्यासाठी ज्यूरी कशी निवडतात ते थोडक्यात सांगतो. मतदारयादी, वाहन परवान्यांची यादी अशा नोंदींतून नावं काढून लोकांना समन्स जातं. आलेल्यांना न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात. जो आरोपीचा मेहुणा निघेल, किंवा ‘मी आधीच मत बनवलंय’ असं सांगेल, त्याला सबळ कारणाने वगळता येतं, आणि अशा हरकतींना मर्यादा नाही. याखेरीज दोन्ही बाजूंना ठरावीक संख्येच्या बिनकारणी हरकती मिळतात. माणूस उभा असतो, वकील म्हणतो ‘हे नकोत’, आणि तो माणूस घरी जातो. का नकोत, हे सांगावं लागत नाही. निदान १९८६ पर्यंत तरी लागत नसे.

ही हरकत इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आलेली आहे, आणि आपल्याकडेही होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार हायकोर्टातल्या खटल्यात सरकारला आठ आणि आरोपीला आठ बिनकारणी हरकती घेता येत. मुळात तिचा हेतू बरा होता. समोरच्या माणसाच्या नजरेत काही खटकलं, आपण विचारलेल्या प्रश्नामुळे तो दुखावला गेला असं वाटलं, तर वकिलाला त्याला बाजूला करता यावं. पण कारण सांगण्याची सक्ती नाही म्हटल्यावर त्या मोकळिकीत काय काय शिरतं, याचा इतिहास म्हणजे अमेरिकेतल्या ज्यूरीचा इतिहास आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांची मुक्तता केल्याच्या गौरवार्थ, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पुण्यात बसून एका माणसाने ज्या घटनेला सलाम केला, त्या घटनेची तिकडे पुढे काय गत झाली हे मात्र आपण क्वचित पाहतो. पुढच्या दोनच वर्षांत, १८७५ साली, अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की वर्णाच्या कारणाने कोणालाही ज्यूरीच्या कामातून वगळता येणार नाही. १८८० साली स्ट्रॉडर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाचा ‘ज्यूरीत फक्त गोरे पुरुष’ हा कायदा घटनाबाह्य ठरवला. फुल्यांना आनंद व्हावा अशीच ही सुरुवात होती. पण त्याच निकालात न्यायालयाने जाता जाता असंही म्हटलं की राज्यांनी हवं तर ज्यूरी पुरुषांपुरती, जमीनमालकांपुरती, ठरावीक वयाच्या किंवा शिक्षणाच्या लोकांपुरती ठेवावी. आणि त्याच दिवशी दिलेल्या रीव्ह्ज खटल्याच्या निकालात सांगितलं की ज्यूरीत एकही काळा नाही एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही.

दक्षिणेतल्या राज्यांना एवढी फट पुरेशी होती. ‘गोरा’ हा शब्द कायद्यातून गेला आणि त्याच्या जागी ‘सचोटीचा’, ‘चांगल्या चारित्र्याचा’, ‘विवेकी’ असे शब्द आले. सचोटी कोणाची मोजायची हे ठरवणारे गावातले दोन-तीन गोरे कमिशनर. पन्नास-पन्नास वर्षं काळ्यांनी गजबजलेल्या जिल्ह्यांत एकही काळा माणूस ज्यूरीत दिसला नाही, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं: आम्ही कोणालाही वर्णावरून वगळलेलं नाही, योग्य माणूस सापडला नाही इतकंच.

अलाबामात १९३१ साली मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या मुलांवर बलात्काराचा आळ आला. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो जगभर गाजला. सर्वोच्च न्यायालयात सॅम्युअल लीबोविट्झ हे त्यांचे वकील म्हणाले की जिल्ह्याच्या ज्यूरीयादीत आज काळ्यांची जी नावं दिसतात ती मागाहून घुसडलेली आहेत. ‘पुरावा?’ असं विचारताच त्यांनी यादीचं बाडच न्यायमूर्तींपुढे ठेवलं, सोबत भिंग. सरन्यायाधीश ह्यूज यांनी भिंगातून पाहिलं. रेघेवर कोंबून लिहिलेली नावं दिसत होती. १९३५ साली त्या खटल्यातली शिक्षा रद्द झाली. इतक्या उघड्या लबाडीचा खटला पुन्हा सहसा मिळत नाही. लबाडी करणारे शिकतात.

आता मुंबईला येऊ. टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी होती, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहा जणांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. हे सहा कोण आणि तीन कोण, ते सांगायला नको. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून पुन्हा खटला झाला. सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली. स्पेशल ज्यूरीची यादी बड्या लोकांची, त्यात युरोपियनांचा भरणा. टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. अर्ज मंजूर झाला. बसले सात युरोपियन आणि दोन पारशी. मतं पडली सात-दोन.

या दुसऱ्या खटल्यातली एक गोष्ट मला नेहमी अधिक विचार करायला लावते. न्यायासनावर हिंदी माणूस होता. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनीच १८९७ साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी अर्ज चालवला होता. त्याच दावरांनी १९०८ साली सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. म्हणजे वर एक आपल्यातला चेहरा बसला की काम झालं, ही समजूत तेव्हाही खोटी ठरली होती. आणखी एक. खटला मराठी लेखांवर होता. अग्रलेखातल्या एखाद्या वाक्यात राजद्रोह आहे की नुसती सडेतोड टीका, हे मराठी कानालाच कळणार. ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. त्यांच्यापुढे सरकारी भाषांतर होतं. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला मोठा भाग भाषांतर कसं चुकलंय हे समजावण्यात गेला. २२ जुलैच्या रात्री निकाल लागल्यावर त्यांनी जे सांगितलं ते आज हायकोर्टाच्या त्या दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तो फलक बसवला. पर्यटक त्याचे फोटो काढतात. समोर बसलेली ती नऊ माणसं निवडली कशी, हा प्रश्न त्या फलकावर मावत नाही.

त्यातच आणखी एक भर. हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांवर खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलावरून १८८३ साली कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत गोऱ्यांनी जो गदारोळ केला, त्याचा शेवट असा झाला की युरोपियन आरोपीला निदान निम्मे युरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क १८८४ च्या कायद्याने मिळाला. आपल्या गुन्ह्याचा निवाडा आपल्यासारख्यांनी करावा हे तत्त्व गोऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ते फक्त स्वतःपुरतं ठाऊक होतं.

पुन्हा अमेरिका. १९६५ च्या स्वेन खटल्यात अलाबामाच्या टॅलडेगा जिल्ह्यातला हिशेब पुढे आला. तिथल्या ज्यूरीयोग्य पुरुषांत चौथ्या हिश्शाहून अधिक काळे, तरी साधारण १९५० पासून खटल्याच्या ज्यूरीत एकही काळा बसलेला नाही. नावं यादीत असत, माणसं कोर्टापर्यंत येत आणि बिनकारणी हरकतींनी परत जात. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एका खटल्यापुरतं पाहून चालणार नाही, सरकारी वकील खटल्यामागून खटल्यात हेच करतो असं सिद्ध करा. आता एखाद्या गरीब आरोपीने जिल्ह्यातल्या दहा वर्षांच्या खटल्यांतल्या ज्यूरींचे वर्ण कुठून शोधायचे? अशा नोंदी बहुतेक ठिकाणी ठेवलेल्याच नसत. वीस वर्षं हा निकाल उभा होता.

तो बदलला १९८६ साली. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात जेम्स बॅटसन याच्यावर घरफोडीचा खटला चालू होता. पुढे आलेले चारही काळे उमेदवार सरकारी वकिलाने नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नवी रीत घालून दिली. आरोपीने संशयाला जागा आहे एवढं दाखवायचं. मग सरकारी वकिलाने वर्णाशी संबंध नसलेलं कारण सांगायचं. मग ते कारण खरं की बनाव, हे न्यायाधीशाने ठरवायचं. त्याच निकालात थर्गुड मार्शल यांनी स्वतंत्र मत लिहिलं. न्यायालयावरचे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, आणि त्याआधी दक्षिणेतल्या अशाच ज्यूरींपुढे वर्षानुवर्षं वकिली केलेले. त्यांचं म्हणणं होतं की या रिवाजाने काही होणार नाही, कारण वर्णाशी संबंध नसलेलं कारण शोधून काढणं कोणत्याही वकिलाला सहज जमतं, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही कळत नाही की आपण खोटं बोलतोय. बिनकारणी हरकतच रद्द करा, असं त्यांनी सुचवलं. बहुमताने ते ऐकलं नाही.

मार्शल यांचं भाकीत खरं ठरायला फार काळ लागला नाही. १९८७ साली फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या एका सहायकाने नव्या सहकाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची व्हिडिओ फीत केली. गरीब वस्तीतले काळे लोक ज्यूरीत घेऊ नका, आणि नाकारताना वर्णाव्यतिरिक्त काहीतरी कारण टिपून ठेवा, अशी शिकवण त्यात आहे. फीत बाहेर आली दहा वर्षांनी. १९९५ च्या एका खटल्यात तर लांब कुरळे केस, मिशी आणि बोकडदाढी एवढं कारण सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या पायरीवर जायला पुरेसं मानलं. कारण पटण्यासारखं असलं पाहिजे असं नाही, ते वर्णाविषयी नसलं की झालं. आमच्या जिल्हा कोर्टात एक जुने वकील म्हणत, ‘कारण दाखवा’ नोटिशीला उत्तर देणं ही कारकुनी आहे, कायदा नव्हे. तेच.

जॉर्जियातल्या टिमोथी फॉस्टरचा खटला यातला कळस आहे. १९८७ साली गोऱ्यांच्याच ज्यूरीने त्याला मृत्युदंड ठोठावला. प्रत्येक काळ्या उमेदवाराला नाकारण्यामागे सरकार पक्षाने डझनभर कारणं सांगितली होती आणि न्यायालयांनी ती मानली होती. जवळजवळ वीस वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली सरकारी वकिलांची फाइल मिळाली. त्यात उमेदवारांच्या यादीवर काळ्यांची नावं हिरव्या रंगाने ठळक केलेली, शेजारी इंग्रजी ‘B’ हे अक्षर, आणि नक्की नाकारायच्यांची वेगळी यादी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. मला प्रश्न पडतो तो हिरव्या शाईचा नाही. ज्या शेकडो फाइलींत रंग वापरलेला नाही, जिथे वकिलाने मनातच खूण केली, तिथे काय करायचं?

इथे एक जुनी शंका उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. सगळं मान्य; पण काळ्या आरोपीसाठी काळे ज्यूरर हवेत असं म्हणणं म्हणजे पक्षपात मागणंच नव्हे का? न्याय करणाऱ्याच्या कातडीकडे पाहायचंच कशाला?

याला अमेरिकन न्यायालयांनी दिलेलं उत्तर मला पटतं, आणि ते ज्या खटल्यांतून आलं ते खटले गोऱ्या आरोपींचे आहेत. १९७२ च्या पीटर्स खटल्यातला आरोपी गोरा. त्याची तक्रार अशी की माझ्या ज्यूरीतून काळ्यांना वगळलं. १९९१ च्या पॉवर्स खटल्यातला आरोपीही गोरा, तक्रार तीच. दोघांचीही तक्रार न्यायालयाने ग्राह्य धरली. गोऱ्या माणसाला काळे ज्यूरर झुकतं माप देतील असं कोणी म्हणणार नाही. मग हरकत कशाची? हरकत अशी की नाकारला गेलेला माणूसही कोणीतरी आहे. मतदान सोडलं तर सामान्य नागरिकाला राज्यकारभारात थेट हात घालण्याची एवढी मोठी संधी दुसरी नाही, असं पॉवर्स निकाल सांगतो. गावाच्या वतीने ‘हा दोषी’ असं म्हणण्याचा अधिकार गावातल्या निम्म्या लोकांकडून काढून घेतला, तर आरोपी सुटला काय आणि फासावर गेला काय, त्या निम्म्या लोकांना जे कळायचं ते कळतं.

दुसरं उत्तर माहितीचं आहे. फ्लोरिडाच्या दोन जिल्ह्यांतल्या २००० ते २०१० या काळातल्या सातशेहून अधिक खटल्यांचा शमेना अन्वर, पॅट्रिक बेयर आणि रँडी हियाल्मर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्या दिवशी ज्यूरीसाठी बोलावलेल्या लोकांत एकही काळा नसेल, तर काळे आरोपी दोषी ठरण्याचं प्रमाण ८१ टक्के आणि गोऱ्यांचं ६६. बोलावलेल्यांत निदान एक जरी काळा असेल, तर काळ्यांचं ७१ आणि गोऱ्यांचं ७३. पंधरा टक्क्यांची दरी जवळजवळ पुसली जाते. कोण बोलावलं जातं हा त्या दिवशीच्या नशिबाचा भाग, त्यामुळे खटल्यांच्या प्रकारातल्या फरकाने हे घडलं असं म्हणता येत नाही. आणि सॅम्युअल सॉमर्स या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली अभिरूप ज्यूरी बसवून पाहिल्या, तेव्हा असं दिसलं की मिश्र ज्यूरी जास्त वेळ चर्चा करतात, पुराव्यातले जास्त मुद्दे काढतात, तथ्यांच्या चुका कमी करतात. यातली गंमत म्हणजे हा फरक काळ्या सभासदांच्या बोलण्यामुळेच पडला असं नाही. मिश्र बाकावर बसलेले गोरेच जास्त जपून बोलू लागले. चारचौघांत बोलताना आपण सगळेच जरा विचार करून बोलतो. चारचौघे वेगवेगळ्या घरचे असले तर जास्तच.

मग बिनकारणी हरकत काढूनच टाकायची का? माझं मन तिकडे झुकतं, पण लंडनची एक गोष्ट आडवी येते. नॉटिंग हिलमध्ये मँग्रोव्ह नावाचं वेस्ट इंडियन लोकांचं उपाहारगृह होतं. पोलिस पुन्हा पुन्हा धाडी घालत. त्याविरुद्ध १९७० च्या ऑगस्टमध्ये मोर्चा निघाला, पोलिसांशी झटापट झाली आणि नऊ जणांवर दंगलीचा खटला भरला गेला. ओल्ड बेलीत १९७१ साली आरोपींनी मॅग्ना कार्टाचा दाखला देत मागणी केली की आमचा निवाडा आमच्या बरोबरीच्या लोकांनी, म्हणजे काळ्यांच्या ज्यूरीने करावा. न्यायाधीशांनी नकार दिला. तेव्हा इंग्लंडमध्ये प्रत्येक आरोपीला सात बिनकारणी हरकती असत. नऊ साती त्रेसष्ट. त्रेसष्ट उमेदवार नाकारून त्यांनी शेवटी दोन काळे सभासद मिळवले. दंगलीच्या आरोपातून नऊही जण सुटले, आणि पोलिसांकडूनही वर्णद्वेषाचा पुरावा दिसतो, असं न्यायाधीश क्लार्क यांना भर न्यायालयात म्हणावं लागलं. ज्या हत्याराने फ्लॉवर्सच्या खटल्यांत ४१ जणांना घरी पाठवलं, तेच हत्यार इथे दुबळ्यांच्या हाती होतं. इंग्लंडने १९७७ साली हरकतींची संख्या तीनवर आणली आणि १९८८ च्या कायद्याने ती पूर्ण बंद केली.

कॅनडात हाच पेच उलट बाजूने आला. सास्काचेवानमधल्या एका शेतावर कोल्टन बूशी हा बावीस वर्षांचा क्री तरुण गोळी लागून मेला. आरोपी गोरा शेतकरी. २०१८ च्या खटल्यात बचाव पक्षाने मूलनिवासी दिसणारे उमेदवार बिनकारणी नाकारले, आणि आरोपी निर्दोष सुटला. देशभर संताप झाला आणि पुढच्याच वर्षी संसदेने ही हरकत रद्द केली. त्यावर आव्हान कोणाकडून आलं? चौहान आडनावाच्या एका आरोपीकडून. आमच्यासारख्या अल्पसंख्य आरोपींच्या हातातली ही एकच गोष्ट तुम्ही काढून घेतलीत, असा युक्तिवाद होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मला निकाल योग्य वाटतो, पण युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली एक मधली वाट काढली, आणि आजवर पाहिलेल्या उपायांत मला ती सर्वांत शहाणी वाटते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नियमानुसार वकिलाच्या मनात काय होतं हे सिद्ध करण्याची गरजच नाही. तटस्थपणे पाहणाऱ्या जाणत्या माणसाला या हरकतीमागे वर्ण असू शकतो असं वाटलं, तर हरकत रद्द. शिवाय काही कारणं आधीच संशयास्पद म्हणून नोंदवून ठेवली आहेत: पोलिसांवर विश्वास नसणं, गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत राहणं, नात्यातल्या कोणाला अटक झालेली असणं. ज्या वस्तीत पोलिस जास्त फिरतात तिथल्या घरोघरी कोणी ना कोणी अटक झालेला असणार. ते कारण वर वर्णाविरहित दिसतं आणि आत वर्णाचंच असतं. हे कागदावर मान्य करायला १८८० पासून १३८ वर्षं लागली. अॅरिझोनाने त्याहून पुढे जाऊन १ जानेवारी २०२२ पासून बिनकारणी हरकतच बंद केली. मार्शल यांचं ऐकणारं ते पहिलं अमेरिकन राज्य.

एवढं होऊनही एक भाग उरतो, आणि वकील मंडळींना त्यात फारसा रस नसतो कारण तिथे युक्तिवाद करायला काही नाही. कोर्टात आल्यावर कोणाला नाकारलं यावर आपण तासभर बोललो. कोर्टापर्यंत जे येतच नाहीत त्यांचं काय? भाड्याची घरं बदलत राहणाऱ्यांचं समन्स जुन्या पत्त्यावरून परत येतं. गंभीर गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्यांना केंद्रीय न्यायालयांत आणि अनेक राज्यांत ज्यूरीत बसता येत नाही, आणि काळ्या वस्त्यांत अशांची संख्या किती असेल हे तिकडच्या तुरुंगांकडे पाहिलं की कळतं. शिवाय पैसा आहे. केंद्रीय न्यायालयात ज्यूररला दिवसाला ५० डॉलर मिळतात. कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांत बरीच वर्षं १५ डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून. तासावर मजुरी करणाऱ्या, मुलं कोणाकडे ठेवायची हा प्रश्न असलेल्या बाईने तीन आठवड्यांचा खटला ऐकायचा कसा? ती न्यायाधीशाला परवडत नाही म्हणून सांगते, न्यायाधीश सहानुभूतीने तिला जाऊ देतात, आणि कोणी हरकत न घेता, कोणाच्या मनात खोट नसता, बाकावर निवृत्त आणि खात्यापित्या घरचे लोक उरतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ च्या मार्चपासून फौजदारी खटल्यांत कमी उत्पन्नाच्या ज्यूररांना दिवसाला १०० डॉलर द्यायला सुरुवात केली. भाषणाच्या तयारीत मी वाचलेल्या सगळ्या थोर निकालपत्रांपेक्षा हा कारकुनी फेरफार मला जास्त आशेचा वाटला, कारण ते पैसे मिळाल्यामुळे लोक खरोखर येऊन बसू लागले.